पिवळं उद्गारचिन्ह

ख्वाजासाबांनी टेबलावर ठेवली
काड्यापेटीएवढी काळी डबी,
तिला तीन शेपट्या, पिवळी, पांढरी, लाल.
मागून नातवाच्या खांद्यावरून उतरला व्हीसीआर
आणि खताच्या पिशवीत एकोणीस कॅसेटी.
"परभणीच्या पोरानं हात टेकले," म्हणाले.
"ड्रायव्हर नाही म्हणतो. ड्रायव्हर कुठं गेला आसंल गं?"

सेलूत माझं दुकान स्टँडच्या मागं.
नवीन माणूस आत येतो, मला बघतो,
आणि विचारतो, मेकॅनिक कुठं गेले?
ख्वाजासाबांनी विचारलं नाही.
तेवढ्यावरच मी मनात पन्नास रुपये कमी केले.

डबी लावली. संगणक टुंग वाजला
आणि यादीच्या तळाशी उभं राहिलं पिवळं उद्गारचिन्ह,
चपला न काढता दारात थांबलेल्या पाहुण्यासारखं,
ज्याला घरातलं कुणीच ओळखत नाही.

सोबतची सीडी घरघरली,
"यशस्वी" म्हणाली, आणि काही झालं नाही.
पुढच्या भोकातून मागच्या भोकात,
सहीची तपासणी बंद करून,
जुनं सगळं मुळासकट उपटून पुन्हा पेरून,
चिन्ह तिथंच.

दोन वाजता लाईट गेली. बरं झालं.
पडदा विझला की माणूस हातातल्या वस्तूकडं बघतो.
नखानं डबीची शिवण उकलली.
खोक्यावर एक नाव, सीडीवर दुसरं,
पोटातल्या चिपेचं तर खरवडून टाकलेलं.
मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला,
तेव्हा उमटले चार आकडे,
पाटी पुसल्यावर मागं राहतात तसे.

त्या आकड्यांचा ड्रायव्हर होता,
पण लिहिणारा कधीचाच थांबलेला, जुन्या बत्तीस बिटांपाशी.
पुढच्या विंडोजची वाट त्यानं पाहिली नाही.
मग मोंढ्यात काबऱ्यांच्या आडतीवर गेले.
त्यांचा संगणक अजून त्याच काळात राहतो,
पंख्यात सरकीचा कापूस,
कळफलकावर हळदीचा हात.
मुनीम म्हणाला, "सौद्याच्या आधी परत पाहिजे."

पहिल्यांदा चित्र आलं ते राखेच्या रंगाचं
आणि वर वर पळणारं.
अमेरिकेची पद्धत काढून पाल बी केली.
रंग थबकला, मग बसला.
आवाज आलाच नाही.

पडद्यावर पुठ्ठा, स्केचपेननं लिहिलेला:
"आज रात्री नऊ वाजता पिक्चर.
ज्यांची बाकी आहे त्यांची वायर उद्या कापण्यात येईल."
ख्वाजासाब हसले. "माझंच चॅनल. चारशे घरं होती."
मग उजवीकडून एक हात आला,
करंगळी अर्धी, मनगटावर काळा दोरा,
पुठ्ठा काढला, दुसरा लावला, गेला.

"मुंजाजी," म्हणाले ख्वाजासाब.
खुर्ची पुढं ओढली.
फोटो काढून घ्यायचा नाही कधी.
सगळं चॅनल मीच चालवायलो, म्हणायचा,
आजून काय दाखवायचं?
बाजाराच्या कोपऱ्यावरचा खांब, म्हणाले,
आणि पुढचं मला विचारता आलं नाही.

तीन तासांची टेप तीन तासच घेते,
तिला पुढं हो म्हणता येत नाही.
आम्ही बसलो. पुठ्ठा. हात. पुठ्ठा.
मोतीबिंदू तपासणी शिबिर. हात.
हरवली आहे, तांबडी शेळी, एका कानाला खाच. हात.
सौदा सुरू झाला, मुनिमाचा फोन तीनदा वाजला.
मी उलट्या पावतीवर वेळा लिहून घेत होते,
चाळीस मिनिटं सात सेकंद, सत्तेचाळीस बावीस,
कारण ख्वाजासाब म्हणाले होते,
पुठ्ठे नकोत, हात तेवढे काढून दे.

बिल फाडताना पेन अडला.
कामाचं वर्णन, असा रकाना असतो.
"ड्रायव्हर टाकला" लिहिलं.
एकशे पन्नास.